डेन्मार्कला पाठवलेला अर्धा र

मी आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. तरीही देशोदेशी वापरल्या जाणाऱ्या एका कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या कर्त्यांच्या यादीत माझं नाव आहे. यादी इंग्रजीत आहे, लांबलचक आहे आणि ती कुणीही वाचत नाही. वाचलीच, तर जर्मन आणि जपानी नावांच्या गर्दीत 'बी. घरत, पनवेल' असं सापडेल. मला ती छापून आणून दाखवली तेव्हा मी सवयीने आधी प्रूफ तपासलं. नाव बरोबर होतं. पनवेलही बरोबर होतं. डेन्मार्कच्या एका माणसाने पनवेल नीट लिहावं आणि आमच्या टपाल खात्याला ते अधूनमधून जमू नये, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

संपादकांनी मला 'खिळ्यांच्या छापखान्यातल्या गमती' लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. पण ज्या एका कामाचा मला अभिमानही वाटतो आणि ज्याने माझाच धंदा खाल्ला, ते सांगितल्याशिवाय बाकीच्या गमतींना अर्थ नाही.

मी जुळारी होतो. म्हणजे कंपोझिटर. ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिशाचा बोटाच्या पेराएवढा खिळा, त्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही आरशात दिसावं तसं उलटं. लाकडी केसमध्ये शेकडो लहान खण आणि प्रत्येक खणात एकेका जातीचे खिळे. डाव्या हातात पट्टी धरायची आणि उजव्या हाताने खणांतून खिळे उचलून ओळ भरायची. ओळींचा फर्मा आवळायचा, ट्रेडलवर चढवायचा, पायाने मशीन चालवायचं. छापून झालं की तेच खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात घालायचे. सकाळी लग्नपत्रिकेत मिरवलेला 'श्री' संध्याकाळी तेराव्याच्या कार्डावर उभा असायचा. त्याची कधी तक्रार आली नाही.

छापखाना पनवेलात, तळ्याजवळच्या गल्लीत. मालक अप्पा. शुद्धलेखनाचे इतके कडक की गिऱ्हाइकाच्या मजकुरातल्या चुका दुरुस्त करताना ते गिऱ्हाईकही दुरुस्त करायचे. मी उरणच्या वाटेवरच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या बापाचा मुलगा, सातवी पास. घरी मी आजही 'आमी' आणि 'नाय' बोलतो. कागदावर मात्र 'आम्ही'तला ह माझ्या हातून कधी सुटला नाही. त्या अक्षराशी माझी ओळख नोकरीतली होती, घरातली नव्हती, म्हणून मी त्याला जास्त जपायचो.

आता ज्या अक्षरावरून हे सगळं झालं त्याच्याविषयी. 'सूर्य' लिहिताना र वर चढून बसतो, तो रफार. पण 'दुसऱ्या', 'नवऱ्याला', 'शेतकऱ्यांनी', 'वाऱ्यावर' लिहिताना र वर चढत नाही; बाजूला आडवा होऊन य ला टेकतो. या अर्ध्या र ला व्याकरणात काय म्हणतात ते अप्पांना ठाऊक असेल. त्याचा आकार पाहून आम्ही छापखान्यात त्याला 'कोयती' म्हणायचो. मराठीत कोयतीशिवाय चार ओळी लिहिता येत नाहीत, आणि आमच्या खणात बारा पॉइंटाच्या, म्हणजे रोजच्या मापाच्या, कोयत्या होत्या फक्त अकरा. खिळ्यांचा संच बनवणाऱ्याला मराठी येत नसावं.

अकरा कोयत्यांवर संसार करायचा म्हणजे कसरत. मजकुरात बारावी कोयती आली की मी मजकूर बदलायचो. अप्पांना न सांगता. 'दुसऱ्या दिवशी'चं 'नंतर' करायचं, 'साऱ्यांनी'चं 'सर्वांनी' करायचं. एकदा एका पुढाऱ्याचं मोठं पत्रक आलं. 'शेतकऱ्यांचा मेळावा', 'शेतकऱ्यांनी यावे', 'शेतकऱ्यांचा आवाज'. नऊ ओळींत माझ्या कोयत्या संपल्या. मी पुढच्या सगळ्या ठिकाणी 'शेतकरी बंधूंनो' असं जुळवून टाकलं. पत्रक वाचून पुढारी स्वतः छापखान्यात आले. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला होता. ते म्हणाले, "हे 'बंधूंनो' कुणी घातलं? फार छान. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं." त्यानंतर त्यांनी प्रत्येक भाषणात बंधू आणले. कुणाच्या वक्तृत्वाचं मूळ कुठल्या खणातल्या टंचाईत असतं हे सांगता येत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं तसे गल्लीत कॉम्प्युटर विकणारे फिरू लागले. न्हावा शेव्याकडे कंटेनर धावायला लागल्यापासून पनवेलात सगळंच वेगाने व्हायला पाहिजे असं सगळ्यांचं मत झालं होतं. टाय लावलेला विक्रेता यायचा, अप्पा त्याला बसवायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "तुमच्या यंत्रावर 'दुसऱ्या' असं लिहून आणा." तो दुसऱ्या दिवशी कागद आणायचा. त्यावर असायचं 'दुसर्या'. र डोक्यावर. अप्पा तो कागद चष्मा लावून पाहायचे, घडी घालून परत द्यायचे आणि म्हणायचे, "चहा घेतलात ना? मग आता या." असे तीन विक्रेते मी पाहिले.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना मला अभिमान वाटत नाही. माझी बायको सुलोचना निरक्षर होती. मी तेवीस वर्षं अक्षरं जुळवत होतो. तालुक्यातल्या निम्म्या लोकांची नावं माझ्या बोटांखालून गेली असतील. लग्न झालं त्या साली तिने एकदा विचारलं होतं, "माला शिकवाल का वाचायला?" मी म्हणालो होतो, "तुला काय करायचंय?" तिनेही पुन्हा विचारलं नाही. मी जुळवलेल्या पत्रिका मी तिला वाचून दाखवायचो आणि स्वतःला फार उदार समजायचो.

मग गावात बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला. पनवेलच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नसरीन मुकादम नावाच्या बाई आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायच्या आणि शाळेच्या पडवीत शिकवायच्या. वय तीस-बत्तीस. पुस्तक त्यांनी स्वतः तयार केलं होतं, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर; ते छापायचं बाकी होतं, तोवर सुटी पानं वाटायच्या. मुलांच्या पुस्तकातला 'कमळ बघ' मासळी विकणाऱ्या बायकांना नको होता. म्हणून त्यांच्या पुस्तकात बाजार होता, एस.टी. होती, रेशनकार्ड होतं. सुलोचना न विचारता वर्गाला जाऊ लागली. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो याची तिला कल्पना होती.

एका रविवारी दुपारी ती पुस्तकाचं एक पान घेऊन माझ्यासमोर बसली.

"अवो, ह्ये बघा. ह्ये माज्या तोंडात बसत नाय."

"वाच बघू."

तिने बोट ठेवलं. "मा-झ्या. न-व-र्या-चे. नवर्याचे." ती थांबली. 'सूर्याचे' म्हणताना 'सू'वर जसा जोर देतात तसा तिने 'व'वर दिला होता. "सूर्याचे तसं नवर्याचे. ह्यो नवर्या कोन?"

मी हसलो. मग पान हातात घेतलं आणि माझं हसू थांबलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पानावर जे छापलं होतं तेच तिने वाचलं होतं. 'माझ्या नवर्याचे नाव ______ आहे.' खाली 'दुसर्या दिवशी आम्ही बाजारात गेलो.' सगळीकडे रफार. चार महिन्यांपूर्वी अक्षरं शिकू लागलेल्या बाईने जी चूक पकडली ती तीन टायवाल्या विक्रेत्यांना दिसली नव्हती. मी लाल पेन्सिल काढली, पानभर खुणा केल्या आणि शेजारी कोयत्या काढून दिल्या.

"बाईला द्येऊ ह्ये?" तिने विचारलं.

"दे. म्हणावं, नवरा असा लिवतात."

मंगळवारी नसरीनबाई तेच पान घेऊन छापखान्यात हजर.

"ह्या खुणा कुणी केल्या?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. शिकलेल्या बाईच्या पुस्तकावर लाल पेन्सिल चालवली, आता ऐकून घ्यायला हवं, अशी मनाची तयारी केली.

"काका, तीन महिने मी हेच सांगतेय," त्या म्हणाल्या. "कॉलेजात सगळे म्हणतात, चालतं, कळतं ना, काय फरक पडतो. तुम्ही पहिले भेटलात ज्यांना फरक पडतो."

"मला नाही. बायकोला पडला."

"तिला तर पडणारच. ती खरंच वाचते ना. आपण अंदाजाने वाचतो."

मग त्यांनी ते प्रकरण मला समजावलं. विकतचे प्रोग्रॅम म्हणजे पाकीटबंद मसाला. आत काय आहे ते कळत नाही आणि मीठ जास्त झालं तर गप्प खावं लागतं. त्यांनी पुस्तकासाठी वापरलेला प्रोग्रॅम फुकट होता आणि कृतीसकट दिलेला होता. कृती कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि ती दुरुस्ती परत पाठवावी. म्हणजे पुढच्या माणसाला दुरुस्त केलेलाच मिळतो. जगभरची माणसं असं करतात. पगार कुणालाच नाही.

"मालक कोण?" मी विचारलं.

"मालक नाहीच. म्हणजे सगळेच मालक."

"मग चुकलं तर शिव्या कुणाला घालायच्या?"

"शिव्या नाही घालायच्या, काका. दुरुस्त करून पाठवायचं."

अप्पा आतून म्हणाले, "असा छापखाना चालत नसतो." ते मलाही पटलं होतं. पण असा छापखाना चालत होता, ही अडचण होती.

आलेल्या दुरुस्त्या तपासून घ्यायच्या की नाकारायच्या हे कुणीतरी ठरवायला हवं. देवनागरीचा भाग सांभाळत होते डेन्मार्कमधले संस्कृतचे एक प्राध्यापक. त्यांचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही, म्हणून मी त्यांना प्रोफेसर म्हणतो. नसरीनबाईंनी त्यांना ई-मेलने दुरुस्ती पाठवली. कॉलेजात टेलिफोनची लाइन एकच; प्रिन्सिपलसाहेब फोनवर बोलत असले की डेन्मार्क बंद. आठवड्याने उत्तर आलं. नसरीनबाईंनी मला ते मराठीत वाचून दाखवलं. भाषा फार सभ्य होती. 'आपण सुचवलेलं रूप मी पाहिलेल्या कोणत्याही व्याकरणात नाही. र पुढे व्यंजन आल्यास तो वर जातो, हा नियम आहे. आपण म्हणता ती बहुधा स्थानिक मुद्रकांची सवय असावी. सवयींना प्रोग्रॅममध्ये जागा देणं मला योग्य वाटत नाही.'

"स्थानिक मुद्रकांची सवय," मी म्हणालो.

"तसंच लिहिलंय."

मला इतका राग आला की मी भरत असलेली ओळ हातातून सांडली. त्या दिवशी सांडलेले खिळे निवडता निवडता मला सुचलं. माणूस संस्कृतचा आहे ना? मग त्याला संस्कृतातूनच सांगायला हवं.

"बाई, पुस्तक किती दिवस थांबू शकतं?" मी विचारलं.

"चुकीचं छापायचं नाही, एवढं मी ठरवलंय. पण वर्ग पुढे चाललाय, काका. बायका 'नवर्या' शिकतायत. एकदा डोळ्यात बसलं की निघत नाही."

मी तीन दिवस दुपारच्या सुट्टीत बसून एक कागद जुळवला. दोन स्तंभ. डावीकडे रफार, उजवीकडे कोयती. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. चर्या म्हणजे वागणूक, चऱ्या म्हणजे दगडावर पडतात त्या खाचा. शेवटचा मासला मी जास्त प्रेमाने जुळवला. उजवीकडे, 'भाऱ्यांना दोर बांधून गाडीत टाकले.' म्हणजे लाकडाच्या, गवताच्या भाऱ्यांना. डावीकडे तेच वाक्य प्रोफेसरांच्या नियमाने, 'भार्यांना दोर बांधून गाडीत टाकले.' भार्या म्हणजे बायको हे संस्कृतच्या प्रोफेसरला मी सांगायची गरज नव्हती.

अप्पांनी प्रूफ वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी खणातून एक कोयती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. "हीसुद्धा पाठव. सवय म्हणे! सवय शिशात ओतून मिळते का ते पाहू दे." अकराच्या दहा झाल्या.

नसरीनबाईंना आणखी एक गोष्ट हवी होती. प्रोफेसरांनी मान्य केलंच तर कोयतीचा आकार कुणीतरी काढून द्यायला हवा होता. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याला बारीक चौकोनांचे हिशेब लागतात. त्यांनी कॉलेजातला आलेखकागद आणला. मी चौकोन काळे करत करत कोयती काढली. कुठे जाड, कुठे निमुळती, य ला नेमकी किती टेकते, सगळं. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून काही काढलं नव्हतं. दोन दिवसांनी बाई हसत हसत आल्या.

"काका, पडद्यावर उलटी दिसतेय."

मी तेवीस वर्षं अक्षरं उलटीच पाहत आलो होतो. हातून कोयती उलटीच उतरली होती. मला नवा कागद मागायची लाज वाटली, पण बाई म्हणाल्या, "राहू द्या. कॉम्प्युटरला आरसा आहे." एका बटणात त्यांनी ती सुलटी केली. माझ्या सगळ्या धंद्याचं सार त्या एका बटणात होतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ते पाकीट घेऊन मी पनवेलच्या पोस्टात गेलो. परदेशी रजिस्टर. खिडकीतल्या बाबूंनी पाकीट दाबून पाहिलं.

"आत काय आहे?"

"अर्धा र."

"काय?"

"कागद आहेत. आणि एक खिळा."

"लोखंडी?"

"शिशाचा."

शिसं ऐकल्यावर त्यांनी पाकीट माझ्याकडे परत सरकवलं. बंदुकीच्या गोळीशिवाय शिशाचा दुसरा उपयोग त्यांना माहीत नसावा. मी पाकीट फोडून खिळा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटसुलट केला.

"हे तिकडे कशाला पाठवताय?"

"त्यांच्याकडे नाहीये."

"आपल्याकडे आहे आणि फॉरेनला नाही?" त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते आवडलेलं दिसलं. फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'विनामूल्य नमुना', आणि शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारला.

पाच आठवडे काही कळलं नाही. वर्गातल्या बायका दर खेपेला विचारायच्या, फॉरेनवाल्याचं पत्र आलं का. सुलोचनाने 'नवऱ्या'चं पान तेवढं वाचायचं थांबवलं होतं. "त्याचा निकाल लागू दे," ती म्हणायची. तो म्हणजे मी की अक्षर, हे मी विचारलं नाही.

मग एका सकाळी नसरीनबाई स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच टाकून धावत आल्या. प्रोफेसरांनी लिहिलं होतं, 'माझ्या नियमामुळे तुमच्या तालुक्यातल्या स्त्रियांना दोराने बांधून गाडीत टाकलं जात होतं हे कळून अत्यंत खेद झाला. दुरुस्ती स्वीकारली आहे. आकार सुंदर आहे. तो काढणारे विद्वान कोणत्या संस्थेत असतात?'

"तुम्ही काय कळवलं?" मी विचारलं.

"लिहिलं, ट्रेडलवर असतात."

खिळा त्यांनी परत पाठवला नाही. शाईच्या पॅडवर दाबून त्याचा ठसा पत्रावर उमटवून पाठवला आणि खिळा टेबलावर ठेवून घेतला. एवढा विद्वान माणूस, पण भेट दिलेली वस्तू आणि दाखवायला दिलेली वस्तू यातला फरक त्याला कळला नाही. आमच्याकडे दहाच राहिल्या.

दुरुस्तीत अक्षराला काहीतरी नाव द्यावं लागतं. नसरीनबाईंनी दिलं, 'कोयती'. तेच कायम झालं. आमच्या छापखान्यातला शब्द जपान्यांना टाइप करावा लागू लागला. पुढे कुणीतरी प्रोफेसरांना या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी उत्तर दिलं की व्युत्पत्ती अनिश्चित आहे, पण संस्कृत मूळ असण्याची शक्यता नाकारता येत नाही. नसरीनबाईंनी त्यांना खरं कळवायचं का म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, "राहू द्या. त्यांनी आपला र घेतला, आपण त्यांचं मूळ घेऊ."

पुस्तक नीट छापून झालं. सुलोचनाने ते पान काढून वाचलं, "माझ्या नवऱ्याचे नाव", आणि पुढच्या रेघेवर माझं नाव लिहिलं. 'बाळाराम'मधला ळ तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढला. मी बघत होतो. ज्या माणसाने आपल्याला शिकवलं नाही त्याचं नाव एखाद्याने इतकं नेटाने लिहावं, हे बघणं सोपं नसतं.

आनंदाच्या भरात मी ही सगळी हकिगत अप्पांना रंगवून सांगितली. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आता कॉम्प्युटरला 'दुसऱ्या' लिहिता येतं?"

"येतं ना! आपलीच कोयती आहे, अप्पा. हुबेहूब."

ते उठले, टोपी घातली आणि कॉलेजात गेले. नसरीनबाईंकडून त्यांनी 'दुसऱ्या' छापून घेतलं. 'शेतकऱ्यांनी' छापून घेतलं. एका पानात चाळीस कोयत्या छापून घेतल्या. परत येऊन खुर्चीत बसले. चहा आला तो निवला.

"बाळाराम," ते म्हणाले, "या एका अक्षरावर मी अजून दहा वर्षं काढणार होतो रे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते शुद्धलेखनाचे खरे भक्त होते. शुद्ध लिहिणारं यंत्र दारात आल्यावर त्याला नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच उरलं नव्हतं. पुढच्या दिवाळीआधी ट्रेडलच्या जागी टेबल आलं आणि त्यावर कॉम्प्युटर. चालवायला एक मुलगी ठेवली. मला त्यांनी काढलं नाही. शेजारी स्टूल देऊन प्रुफं तपासायला बसवलं. कोयत्या आता कधीच संपत नव्हत्या. त्यामुळे मजकूर बदलायची गरजही उरली नाही, आणि पत्रकं पूर्वीपेक्षा वाईट निघू लागली. पुढाऱ्यांच्या भाषणातले बंधू मात्र टिकले.

त्या फुकटच्या प्रोग्रॅमबद्दल लोक मला विचारतात, तुम्हाला काय मिळालं? नसरीनबाई म्हणतात तसं, काही मिळावं म्हणून ते करायचं नसतं. त्यांचं बरोबर आहे. मला फक्त इतकंच वाटतं, की मी ते केलं तेव्हा मी काय देऊन टाकतोय हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी दिलं नसतं का? दिलं असतं. स्थानिक मुद्रकांची सवय म्हणाला होता तो. पण जरा विचार करून दिलं असतं.

खिळे भंगारात गेले त्या दिवशीचं सांगून थांबतो. शिसं वजनावर जातं. अक्षर कोणतं, याने भावात फरक पडत नाही. भंगारवाला काटा घेऊन आला होता आणि मी केसमधले खण एकेक करून गोणीत रिकामे करत होतो. तेवढ्यात सुलोचना दारात उभी राहिली. बाजाराला आली होती. इतक्या वर्षांत ती छापखान्यात कधी आली नव्हती. मी कधी आणली नव्हती.

"एकदा बघायचं व्हतं," ती म्हणाली.

ती आत आली, खण पाहत फिरली. एक खिळा उचलून डोळ्यांजवळ नेला. "ह्यो तर उलटा हाय."

"छापला की सुलटा होतो."

तिने खिळा परत खणात ठेवला. "सगल्या गावाची नावं जुळवलात. माजं जुळवलं का कवा?"

आमच्या लग्नाला पत्रिका नव्हती. नंतर तिचं नाव छापायचा प्रसंगच आला नाही. तसं मी तिला सांगितलं, आणि मग तेही फार बरं उत्तर वाटेना, म्हणून पट्टी हातात घेतली. बारा पॉइंटाचे खिळे गोणीत गेले होते, पण मोठ्या चोवीस पॉइंटाची केस शिल्लक होती. मी भराभर चार खिळे उचलले. सु-लो-च-ना.

"ह्ये कुनाचं?" तिने विचारलं.

"तुझं. सुलोचना."

"ह्ये तुमच्या आईनं लगीन झाल्यावर ठेवलेलं. माजं नाव मंजुळा."

मी हे विसरलो होतो असं म्हणणं खोटं होईल. हळदीच्या दिवशी कधीतरी ऐकलं होतं. माझ्या चुलतीचं नाव मंजुळा होतं. एका घरात दोन नकोत म्हणून आईने बदललं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

मी पट्टी रिकामी केली. ती माझ्या शेजारी उभी राहून सांगू लागली, वर्गात शिकवतात तशी, सावकाश. "म. त्याच्यावर टिंब. मग ज, त्याला उकार. न्हाना उकार. मग ळ. त्याला काना."

तिने सांगितलं तसं मी जुळवलं. ट्रेडल आधीच विकलेलं होतं, म्हणून खिळ्यांवर हातानेच शाई फिरवली, कागद ठेवला आणि रुळाने दाबला. एकच प्रत काढली. तिने कागद उजेडात धरला, अक्षरांखालून बोट फिरवलं, मग पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली.

मोठमोठ्या पंडितांनी माझी प्रुफं तपासली आहेत. त्यांतलं एकही लाल खुणेशिवाय परत आलेलं मला आठवत नाही. भंगारवाला काट्याशी उभा होता. मी पट्टीतली ओळ सोडवली, खिळ्यांवरची शाई पुसली आणि तेवढे त्याच्या पारड्यात टाकले.